तेच मैदान, त्याच फेऱ्या... तरीही प्रगती!

बालमित्रांनो, शाळेच्या मैदानाला रोज पाच फेऱ्या मारायच्या असं तुम्ही ठरवलंत. पहिल्या आठवड्यात सपाटून धाप लागते. दुसऱ्या आठवड्यात मजा येते. आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कुरकुर सुरू होते, ‘‘बाई, रोज रोज तेच! आता काही फरकच पडत नाही.’’ मग हळूहळू धावणं बंद!

इथेच फसगत होते, बरं का! फरक पडत असतो. फक्त तो कुठे पाहायचा, हे ठाऊक हवं. तो दिसतो आपल्या मनगटावर!

अंगठ्याच्या खाली, मनगटावर दोन बोटं हलकेच ठेवा. टकटक लागते ना? ती नाडी. १५ सेकंदांत किती ठोके पडतात ते मोजा आणि त्याला चारने गुणा. झाले मिनिटाचे ठोके. समजा, पहिल्या रविवारी पाच फेऱ्या संपल्याबरोबर ३८ ठोके मोजलेत, म्हणजे मिनिटाला १५२. महिन्याभरानं त्याच फेऱ्या, तेवढ्याच वेळात मारल्यावर ३५ आले, म्हणजे मिनिटाला १४०. तेच काम हृदयानं कमी ठोक्यांत केलं. हीच तर प्रगती!

हे घडतं कसं? हृदय म्हणजे स्नायूंचा पंप. नियमित धावल्यानं तो तगडा होतो आणि एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलू लागतो. पायांच्या स्नायूंमध्ये अगदी बारीक, केसासारख्या रक्तवाहिन्या वाढतात. त्यामुळे रक्तातला ऑक्सिजन स्नायूंना चांगला मिळतो. मोठ्या माणसांचं हृदय स्वस्थ बसलेलं असताना मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा धडधडतं. मुरलेल्या धावपटूंचे ठोके मात्र ४० ते ६० इतके कमी असू शकतात.

पण एक दिवस असा येतो, की ठोकेही तेवढेच आणि वेळही तेवढाच. गाडी अडली! कारण शरीर मोठं हिशेबी आहे. जेवढं काम सांगाल तेवढ्यापुरतीच ताकद ते कमावतं. रोज दोनचाच पाढा म्हटलात तर दोनचा पक्का होईल, तेराचा कसा येईल?

मग काय, फेऱ्या सोडून द्यायच्या? छे! फेऱ्या त्याच, बदल जरासा. एखादी फेरी वाढवा. किंवा पाचांतली एकच फेरी जोरात मारा. किंवा मधली विश्रांती थोडी कमी करा. एका वेळी एकच बदल, आणि तो अंगवळणी पडेपर्यंत दुसरा नाही.

चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक असंच करायचा. ४०० मीटर जोरात धावायचं, मग हळू पळत दम घ्यायचा, पुन्हा ४०० मीटर! वर्षानुवर्षं हाच सराव, फक्त फेऱ्यांची संख्या वाढत गेली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यानं ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदकं पटकावली. गंमत म्हणजे मॅरेथॉन तो आयुष्यात पहिल्यांदाच धावत होता!

आपल्या बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे पाहा. त्याची शर्यत ३,००० मीटर स्टीपलचेस. दर वेळी तेच २८ अडथळे, त्याच ७ पाण्यातल्या उड्या. २०१८ मध्ये त्यानं ८ मिनिटे २९.८० सेकंदांची वेळ देऊन ३७ वर्षांपूर्वीचा राष्ट्रीय विक्रम मोडला. त्यानंतर तो स्वतःचेच विक्रम मोडत गेला. २०२४ मध्ये पॅरिसला त्याची वेळ होती ८ मिनिटे ०९.९१ सेकंद. सहा वर्षांत जेमतेम २० सेकंद कमी झाले! पण थेंबे थेंबे तळे साचे, ते असं.

आणखी एक गुपित. ताकद वाढते ती विश्रांतीत. म्हणून जोरात धावल्याच्या दुसऱ्या दिवशी नुसतं चाला, लगोरी खेळा. पोटभर जेवा, भरपूर झोपा. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा दम लवकर खाली बसला नाही, तर लगेच थांबा आणि मोठ्यांना सांगा. दमा असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

आईबाबांसाठीही दोन शब्द. ‘‘शेजारचा बघ किती पळतो,’’ असं म्हणू नका. दोघांच्या नाडीची तुलना करून काही कळत नाही. मुलाची आजची नाडी त्याच्याच मागच्या महिन्याच्या नाडीशी ताडून पाहा. जमलं तर एखादी फेरी तुम्हीही मारा!

मग दोस्तांनो, एक जुनी वही काढा. चार रकाने आखा: तारीख, फेऱ्या, वेळ, ठोके. दर रविवारी एक ओळ लिहा. पुढच्या वेळी ‘काही फरकच पडत नाही’ असं वाटलं, की आधी ती वही उघडा आणि मगच ठरवा.