एक सर्व्हर, अनेक पत्ते

महाडचा पिन ४०२३०१, पोलादपूरचा ४०२३०३. टपालाचा बटवडा चुकू नये म्हणून १९७२ साली ही अंकयोजना सुरू झाली. ई-मेलचेही तसेच. एकाच सर्व्हरवर दोन्ही गावांतील शाळांची डोमेन-नावे सुखेनैव नांदू शकतात. मात्र प्रत्येक नावास स्वतंत्र एमएक्स नोंद हवी. टपाल कोणत्या सर्व्हरकडे न्यावे, हे तीच सांगते. तेथे पोचल्यावर पूर्ण पत्ता पाहून पेटी ठरते. सबब दोहोंकडील ‘कार्यालय’ नावाच्या पेट्या निरनिराळ्याच राखाव्यात. आपल्या नावाने पत्र धाडण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरला, हे एसपीएफ नोंद जाहीर करते. ती नसल्यास पत्र तोतयाचे ठरण्याचा संभव असतो.

जुलै २०२१ मध्ये सावित्रीचे पाणी महाडात शिरले. अशा समयी दूरस्थ सर्व्हरवरील टपाल कोरडे राहते. परंतु नोंदच चुकलेली असेल, तर साहाय्याचे पत्र येणार कोठून? म्हणून पावसाळ्यापूर्वी प्रत्येक नावावर एक पत्र धाडून पाहावे.