निवासवाहनाची विद्युत् जोडणी

झोपण्याची, स्वयंपाकाची व स्नानाची सोय असलेल्या वाहनास किंवा मोटारीमागे ओढावयाच्या गाडीस निवासवाहन वा कॅराव्हॅन म्हणतात. मुक्कामाच्या जागी त्याला केबलीने २३० व्होल्ट पुरवठा देतात. प्लग बसविताच पुरवठा खंडित होणे हा या जोडणीतील नेहमीचा दोष होय. महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण २०२१ मध्ये स्वीकारले. मुंबई-गोवा महामार्गावरील लांजासारख्या (जि. रत्नागिरी) अतिपावसाच्या व जांभ्या खडकाच्या प्रदेशात या दोषाचा विचार विशेष महत्त्वाचा ठरतो.

खंडकांचे कार्य : लघू मंडल खंडक अतिभार वा मंडलसंक्षेप झाल्यास उघडतो. १६ अँपिअर सॉकेटमधून सु. ३·७ किलोवॉट शक्ती घेता येते; वातानुकूलक, जलतापक व शेगडी एकदम चालविल्यास ही मर्यादा ओलांडली जाते. असा खंडक बहुधा काही वेळाने उघडतो. भूगळती खंडकात फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा एकाच वलयाकार गाभ्यातून नेलेल्या असतात. जाणारा व परतणारा प्रवाह समान असेतो त्यांची चुंबकीय क्षेत्रे परस्परांस निष्प्रभ करतात. काही प्रवाह जमिनीकडे गळाल्यास हा तोल ढळतो, गाभ्यावरील तिसऱ्या गुंडाळीत विद्युत् दाब प्रवर्तित होतो व खंडक उघडतो. व्यक्तींच्या संरक्षणासाठी त्याची संवेदनक्षमता ३० मिलिअँपिअर ठेवतात.

गळतीची कारणे : प्लगमध्ये शिरलेले पाणी, चेपलेली केबल, जलतापकाच्या मूलघटकात मुरलेला ओलावा ही प्रमुख कारणे होत. वाहनात न्यूट्रल व भूसंपर्क तार एकमेकींस जोडलेल्या असल्यास परतीचा प्रवाह विभागतो व खंडक उघडतो. जनित्र वा प्रतीपक बसविलेल्या वाहनात हा दोष संभवतो. विद्युत् घट प्रभारित करणाऱ्या साधनांतील गाळण्यांची अल्प गळतीही एकत्र येऊन मर्यादा गाठू शकते.

दोषशोधन : प्रथम सॉकेट दुसऱ्या निर्दोष उपकरणाने तपासतात. नंतर केवळ केबल, मग मुख्य द्विध्रुवी स्विच बंद ठेवून वाहन, आणि शेवटी स्विच चालू करून एकेक उपकरण जोडतात. ज्या पायरीस खंडक उघडेल तेथे दोष असतो. एकध्रुवी खंडक न्यूट्रल तोडीत नसल्याने उपकरणांचे प्लग प्रत्यक्ष काढणे आवश्यक असते. पुरवठा व इलेक्ट्रॉनीय साधने अलग करून तंत्रज्ञ ५०० व्होल्ट एकदिश दाबाने निरोधन रोध मोजतात. तो किमान १ मेगओहम असावा.

धोका : खंडक उघडू नये म्हणून प्लगची भूसंपर्क खुंटी काढून टाकणे प्राणघातक ठरू शकते. रबरी टायरांमुळे वाहनाचा सांगाडा जमिनीपासून विलग असतो. त्यावर दाब आला तरी काहीच दिसत नाही, आणि ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या व्यक्तीने दाराला हात लावताच मंडल तिच्या शरीरातून पूर्ण होते. जांभ्या खडकात, विशेषतः उन्हाळ्यात, भूसंपर्काचा रोध जास्त असतो. तो ५० ओहम असल्यास दोषप्रवाह सु. ४·६ अँपिअर एवढाच राहतो. १६ अँपिअरचा लघू खंडक त्याने उघडत नाही, भूगळती खंडक मात्र उघडतो. म्हणून अशा प्रदेशात तो काढून टाकणे वा त्याला वळसा देणे सर्वथा वर्ज्य होय. फेज व न्यूट्रल एकाच वेळी हाताळल्यास मात्र तो संरक्षण देत नाही. त्यावरील चाचणी बटण नियमितपणे दाबून पाहावे.