कठड्याचा खांब : बादशहाच्या झरोक्यापासून खोडाळ्याच्या गच्चीपर्यंत

कुडाच्या घराला कठडा लागत नाही. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या, त्यांवर शेणमातीचा गिलावा द्यायचा, की भिंत झाली. ओटा जेमतेम गुडघ्याएवढा. त्यावरून कोण कुठे पडणार? कठडा येतो तो माडीबरोबर, जिन्याबरोबर, गच्चीबरोबर. त्यामुळे इथल्या खोडाळ्यासारख्या गावात स्लॅबचे घर उभे राहिले की मागोमाग सिमेंटच्या बुटक्या खांबांची रांगही येते. खाली चौकोनी बैठक, त्यावर फुगलेले पोट, मग निमुळती मान आणि माथ्यावर पुन्हा चौकोनी टोपी. गवंडी त्याला कठड्याचा खांब म्हणतो, वास्तुविशारद बॅलस्टर म्हणतो.

हा खांब घराचा भार घेत नाही. तो काढून टाकला तरी छप्पर जागेवर राहते. त्याची कामे दोनच. माणसाला पडू द्यायचे नाही, हे पहिले. अमुक जागा खास आहे, तिथे उभे राहणारा माणूस खास आहे, हे लोकांना दाखवायचे, हे दुसरे. पहिले काम साधा बांबूही करतो. एवढे घडवून, कातून, कोरून खांब उभे केले गेले ते दुसऱ्या कामासाठी. त्याचा इतिहास पाहिला तर तो या मानाचा इतिहास आहे, आणि हा मान पायरी पायरीने खाली उतरत आलेला दिसतो.

आपल्याकडचा सर्वांत जुना घडीव कठडा म्हणजे बौद्ध स्तूपाभोवतीची वेदिका. तिचे तीन भाग असतात : उभे स्तंभ, त्यांत आडव्या बसवलेल्या सूची आणि या सगळ्यांवरून जाणारा उष्णीष. सांचीला ही वेदिका दगडाची आहे, पण जोड सुताराचे आहेत. स्तंभाला भोके पाडून त्यांत सूचीची टोके बसवलेली. लाकडी कुंपणाची रीत दगडात जशीच्या तशी उतरली. ज्या कुंपणाने शेत किंवा गाव राखायचे, त्याच कुंपणाने इथे पवित्र जागा राखली.

महाराष्ट्रातल्या लेण्यांत वेदिकेचे आणखी एक पाऊल पुढे पडले. भाजे, बेडसे, कार्ले, नाशिक, कान्हेरी इथे ती बहुतेक ठिकाणी नुसती नक्षी आहे. कातळाच्या भिंतीवर, कमानींच्या मध्ये, हात पोहोचणार नाही अशा उंचीवर ती कोरलेली दिसते. तिथून कोणी पडण्याचा प्रश्नच नव्हता. कठड्याचे पहिले काम गळून पडले आणि दुसरे तेवढे उरले. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या एका ब्राह्मी लेखात तर ही वेदिका एका भिक्षुणीचे दान म्हणून नोंदलेली आहे. खोडाळ्याहून त्र्यंबकमार्गे नाशिकला उतरले की त्रिरश्मी डोंगरातले तिसरे लेणे पाहावे. सातवाहनांच्या काळातले, राणी गौतमी बलश्रीने भिक्षुसंघाला दिलेले हे लेणे. त्याच्या ओसरीच्या खांबांखाली वेदिकेची नक्षी आहे आणि ते सगळे खांद्यावर तोलून धरणारे यक्ष तळाशी कोरलेले आहेत.

वेदिकेचे स्तंभ मात्र सरळसोट, फार तर अष्टकोनी. पोट आणि मान असलेला खांब आला तो दुसरीकडून. गंमत अशी की युरोपातल्या अभिजात वास्तुकलेत तो सर्रास दिसत असला तरी प्राचीन ग्रीकांना आणि रोमनांना अशा खांबांचा कठडा ठाऊक नव्हता. तो पंधराव्या शतकातल्या इटलीत घडला. जुलियानो दा सांगाल्लोने पोज्जो आ कायानोच्या हवेलीत तो गच्चीला लावला. ब्रामांतेने रोममधल्या तेंपिएत्तो या छोट्या गोल मंदिराच्या माथ्यावर त्याची माळ फिरवली. रुडॉल्फ विटकोवर या इतिहासकाराने त्याचे दोन घाट वेगळे करून दाखवले आहेत. एकात दोन सारखी पोटे एकमेकांवर उलटसुलट बसवलेली, दुसऱ्यात तळाशी एकच मोठे पोट. दुसरा घाट मायकलँजेलोने उचलून धरला आणि पुढे तो सर्वदूर चालला. कारागिरांना या फुगवट्यात रानडाळिंबाची कळी दिसली. तिच्या ग्रीक नावावरून इटालियनमध्ये ‘बालाउस्त्रो’ झाले आणि तिथून इंग्रजीत बॅलस्टर.

हा घाट हिंदुस्थानात आला तो कागदावरून. जेझुइट पाद्री 1580 साली अकबराच्या दरबारी पोहोचले. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यामागून युरोपातली छापील चित्रे आली. त्या चित्रांत राजे आणि संत ज्या मंडपांत बसलेले असत, त्यांना असे पोटाचे, पानांनी वेढलेले खांब असत. मुघल चित्रकारांनी ते टिपले. शाहजहानच्या काळात चित्रातला खांब संगमरवरात उभा राहिला. वास्तुइतिहासकार एबा कॉख यांनी 1982 साली या एकाच खांबावर दीर्घ निबंध लिहिला आणि तो बादशहाच्या जागेशी कसा बांधलेला होता हे दाखवून दिले. दिल्लीच्या लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-आममध्ये बादशहाच्या झरोक्यातल्या बैठकीवर वाकलेल्या पाठीचे संगमरवरी बंगला-छप्पर आहे. ते असल्याच चार खांबांवर उभे आहे. फारसी लेखकांना त्यात डाळिंब दिसले नाही, सुरूचे झाड दिसले. ते त्याला सुरूच्या अंगलटीचा खांब म्हणत.

दिल्ली-आग्र्याला बादशहाचा असलेला हा खांब पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत सरदारांच्या, मग सावकारांच्या घरी गेला. मराठी वाड्यांत आला तो सागवानात. पुण्याच्या विश्रामबागवाड्यात किंवा चांदवडच्या होळकरवाड्यात, रंगमहालात, तो भेटतो. दगडी तळखड्यावर बसलेला, तळाशी पाकळ्यांचा फुगवटा, वर निमुळता होत गेलेला आणि माथ्याशी महिरपींना खांदा देणारा. वाड्यांविषयी बोलणारे लोक त्याला आजही सुरूचा खांब म्हणतात. इटलीत ज्या खांबाला भार नव्हता, त्याला दिल्लीत बादशहाचे छत मिळाले आणि पुण्यात आख्खा दिवाणखाना.

कठड्याचा खांब म्हणून तो आला तो दुसऱ्या वाटेने, समुद्राकडून. 1534 पासून 1739 पर्यंत वसई पोर्तुगिजांकडे होती. वसईहून जव्हार फार लांब नाही. चर्चमधल्या वेदीपुढचे कठडे, घरांचे सज्जे, जिन्यांचे हात या सगळ्यांत कातीव खांब रुळले. गोव्यातल्या घरांत ते आजही सहज दिसतात. खिडकीच्या उभ्या दांड्याला मराठीत ‘गराद’ म्हणतात, तोही पोर्तुगीज भाषेतूनच आलेला शब्द आहे.

असा खांब मुळात कातकामाचा. चौकोनी तुकड्याचे कोपरे तासून तो अठपैलू करायचा, दोन टोकांत अडकवून फिरवायचा आणि फिरत्या लाकडाला पटाशी लावायची. जुन्या पद्धतीत एकजण दोरी ओढून लाकूड फिरवी आणि दुसरा कातारी हत्यार धरी. एक खांब करणे अवघड नाही. त्यासारखाच दुसरा, तिसरा, चाळिसावा करणे ही खरी कसोटी, कारण जिन्यावर ते एका ओळीत उभे राहतात आणि एकाचे पोट बोटभर खाली आले तरी नजर नेमकी तिथेच अडते. म्हणून कातारी पहिल्या खांबावरून फळीवर खुणा करून घेतो आणि पुढचा प्रत्येक नग त्या फळीला लावून पाहतो. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांमागे आणि पाळण्याच्या खांबांमागे हेच कातकाम आहे.

एकोणिसाव्या शतकात साचा आला आणि ही कसोटीच संपली. बिडाचा रस साच्यात ओतला की शंभर खांब एकसारखे निघत. मुंबईच्या वॉटसन हॉटेलचा तर सांगाडाच इंग्लंडमध्ये ओतून, जहाजाने आणून 1860च्या दशकात इथे जोडला गेला. गिरगाव, काळबादेवीच्या चाळींच्या गॅलऱ्यांना लाकडी आणि बिडाचे कठडे लागले. राजाच्या मिरवण्याच्या जागेत जे होते ते आता गिरणी कामगाराच्या दारासमोर आले. त्याला टेकून तो पेपर वाचू लागला, बायका त्यावर गोधड्या वाळत घालू लागल्या.

त्यानंतरची पायरी सिमेंटची. लोखंडी किंवा फायबरचा दोन फाळ्यांचा साचा, मध्ये एक सळई, वरून बारीक खडीचा माल. दुसऱ्या दिवशी साचा उघडला की खांब तयार. ना सुतार हवा, ना सागवान. जव्हारच्या मुकणे राजांनी युरोपीय धाटणीचा जयविलास राजवाडा बांधला. तशा थाटाचा एक तुकडा आता शेतमजुरी करून स्लॅब टाकलेल्या घरालाही परवडतो. शहरी वास्तुविशारद या खांबांना नावे ठेवतात, नक्कल म्हणतात. पण इटलीतून दिल्लीत, दिल्लीतून पुण्यात येतानाही प्रत्येकाने नक्कलच केली होती. बादशहाने चित्रावरून केली, सरदाराने बादशहावरून.

नावे ठेवायचीच तर घाटाला नव्हे, कामाला ठेवावीत. मोखाड्याचा पाऊस थोडाथोडका नसतो आणि या खांबाचा नाजूक भाग म्हणजे मान. तिथे सळईवर सिमेंटचे आवरण सर्वांत पातळ. सळई मधोमध राहिली नाही तर एका बाजूला ते आणखी पातळ होते. पाणी झिरपते, सळई गंजते, गंज फुगतो आणि मान तडकते. बाहेरून रंग ताजा दिसतो तोवर आतून खांब निकामी झालेला असतो. दुसरी चूक अंतराची. पैसे वाचवायला खांब लांब लांब बसवतात. आंतरराष्ट्रीय बांधकाम संहितेचा नियम सोपा आहे. चार इंच व्यासाचा गोळा दोन खांबांमधून आरपार जाता कामा नये. रांगत्या मुलाचे डोके अडकू नये, अंग निसटू नये, हा त्यामागचा हिशेब. पोटाच्या खांबांत तो चुकतो, कारण पोटापाशी फट अरुंद असली तरी मानेपाशी रुंद होते. मोजायचे ते मानेपाशी.

मानाचा प्रवास इथे पुरा झाला आहे. वेदिकेने पवित्र जागा राखली, संगमरवरी खांबांनी बादशहाची बैठक. आता हा खांब ज्याचे घर त्याचा आहे, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. पण कठड्याचे पहिले काम अजून त्याच्याकडेच आहे. गच्चीवर मूल खेळत असेल तर मान किती नक्षीदार आहे याला अर्थ नाही, ती किती मजबूत आहे यालाच आहे. खोडाळ्यात पुढचा कठडा बसवणाऱ्याने रंगाआधी सळई मधोमध आहे का ते पाहावे, आणि पट्टी घेऊन मानेपाशी अंतर मोजावे.