वेशीवरचे उमेदवार

जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएस (गुलेन-बॅरी सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकापाठोपाठ सापडू लागले. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, धायरी ही नावे रोज बातम्यांत येऊ लागली. संशय पाण्यावर गेला. नांदेडच्या ज्या विहिरीचे पाणी आसपासच्या वस्तीला जात होते, त्या पाण्यात क्लोरीन टाकले जाई. शुद्धीकरण प्रकल्प नव्हता. अशा वेळी रहिवासी ज्याच्या दारात जाऊन जाब विचारतो, तो नगरसेवकच तेव्हा नव्हता.

30 जून 2021 रोजी नांदेड, वाघोली, सूस, नऱ्हे यांच्यासह 23 गावे पुणे महापालिकेत आली. ग्रामपंचायती बरखास्त झाल्या, सरपंचपद गेले. मार्च 2022 मध्ये महापालिकेचीही मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्यावी असे राज्यघटना सांगते. पण ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात रेंगाळले. सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये आदेश दिल्यावर चक्रे हलली आणि 15 जानेवारी 2026 रोजी मतदान झाले. मधली साडेचार वर्षे या गावांना ना सरपंच होता, ना नगरसेवक. कर भरायचा महापालिकेला आणि पाण्यासाठी वाट पाहायची टँकरची.

अशा भागात निवडणुकीला उभे राहायचे म्हणजे काय?

कागदावर अटी मोजक्या आहेत. वय 21 पूर्ण हवे, शहराच्या मतदारयादीत नाव हवे, दोन अपत्यांची अट पाळलेली हवी. राखीव जागेसाठी जातवैधतेची कागदपत्रे हवीत. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असल्याने अनेक जणींना दार उघडले, ही मोठीच कमाई आहे.

खरी दमछाक प्रभागाच्या आकाराने होते. पुण्यात 2007 मध्ये एका प्रभागातून एक नगरसेवक निवडून येत असे. 2012 मध्ये दोन झाले, 2017 मध्ये चार. 2026 मध्येही 165 जागांसाठी 41 प्रभाग होते. त्यासाठी लोकसंख्या धरली 2011 च्या जनगणनेची, सुमारे 34.81 लाख. त्या हिशेबाने चार सदस्यांच्या प्रभागात सरासरी 84 हजार लोक येतात. वाघोली किंवा सूस-म्हाळुंग्यातले कितीतरी टॉवर 2011 नंतर उभे राहिले. त्यांतली माणसे या हिशेबात नाहीत.

उमेदवाराला मात्र ती सगळी गाठावी लागतात. गावठाणात भावकी सांभाळायची, जत्रेला आणि दहाव्याला हजेरी लावायची. सोसायटीत गेटवरच्या रजिस्टरमध्ये नाव लिहायचे, चेअरमनची परवानगी घ्यायची. आणि वर गेल्यावर कळते, की या घरातल्यांची मते अजून जुन्या पत्त्यावरच आहेत. गावठाण आणि सोसायटी, दोन्हीकडे तक्रार एकच असते: पाणी, रस्ता, कचरा. तरीही दोन्हीकडची माणसे एका सभेत क्वचितच बसतात.

त्यात मतदाराने अ, ब, क, ड अशी चार मते द्यायची. पक्षाचे पॅनेल एकच चिन्ह घेऊन फिरते. अपक्षाला चिन्ह मिळते मतदानाला दोन आठवडेही उरलेले नसताना, आणि तेवढ्यात ते हजारो घरांत पोहोचवायचे असते. पाण्याच्या फाइलीमागे वर्षानुवर्षे हेलपाटे घातलेला कार्यकर्ता इथे मागे पडतो, कारण त्याचे काम चार गल्ल्यांना माहीत असते आणि प्रभाग चाळीस गल्ल्यांचा असतो.

निवडून आल्यावरही पेच सुटत नाही. ड्रेनेज तुंबले तर चौघांपैकी कोणाला धरायचे? प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येते.

मुंबईत 227 प्रभाग आहेत आणि प्रत्येकाचा नगरसेवक एक. वाढत्या पुण्याला याची गरज अधिक आहे. 2027 च्या जनगणनेचे आकडे येताच एकसदस्यीय, लहान प्रभाग आखावेत. गाव शहरात घेताना त्याच आदेशात तिथल्या पोटनिवडणुकीची तारीखही बांधून द्यावी. शिवाय 2009 च्या दुरुस्तीने कायद्यात आलेली क्षेत्र सभा प्रत्यक्षात भरवावी. नगरसेवकाने मतदारांसमोर बसून कामांचा हिशेब द्यावा, ही सवय तिथेच लागेल. पुढच्या निवडणुकीचे चांगले उमेदवारही त्या सभेतूनच तयार होतील, कारण पाण्याची फाइल कुठे अडते हे त्यांना उभे राहण्याआधीच ठाऊक असेल.