आजोबांची नळी सापडते का पाहा!

कोकणातील कितीतरी मुस्लिम घरांत आजोबांविषयी एवढेच ठाऊक असते : "जहाजावर गेले, ते परत आलेच नाहीत." ना कबर, ना फोटो. अशांनी आधी माळ्यावरची जुनी ट्रंक उपसावी. खलाशाचे नोकरीचे कागद पत्र्याच्या नळीत जपले जात, म्हणून त्यांचे नावच ‘नळी’ पडले. त्यात जहाज, हुद्दा आणि तारखा मिळतात.

नळी भंगारात गेली असेल तर वाईट झाले. पण दुसरी वाट आहे. १९३९-४५ च्या महायुद्धात समुद्र हीच ज्यांची कबर झाली, अशा सुमारे ६,००० हिंदी व्यापारी खलाशांची नावे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येतात. काही नोंदींत बापाचे, बायकोचे नाव आणि गावही आहे. मात्र स्पेलिंगवर विसंबू नका. कारकुनाने कानावर पडले तसे लिहिले आहे! बापाचे नाव आणि गाव, दोन्ही जुळले तरच ते आपले आजोबा समजावेत.

आणखी एक. सारंग बहुधा आपल्याच गावची माणसे जहाजावर भरी. तेव्हा शेजाऱ्याच्या घरी एखादी नळी असेल, तर तीही पाहून घ्या. दोघांचे जहाज एकच असू शकेल.