आगबोटीच्या पोटांतील गोडें पाणी

ज्या घरांत स्नानाचें पाणी तांब्याच्या बंबांत तापत असे, त्या घरांतील वडीलधाऱ्या माणसांना एक अनुभव खास असेल. बंब नवा असतां ओंजळभर कोळशावर पाणी कढत होई. पुढें विहिरीच्या जड पाण्याचा पांढरा थर आंतून धरूं लागला, म्हणजे कोळसाहि अधिक लागे आणि वेळहि अधिक लागे. अखेरीस एखादे दिवशीं मधली नळी जळून गळूं लागे आणि बंब तांबटाकडे जाई. घरच्या बंबाची हानि एवढ्यावर संपते. परंतु हाच बंब दोनतीन मजली घराएवढा केला, त्यांतील वाफ कोंडून तिचा दाब वातावरणाच्या पंधरा ते चाळीसपट केला, आणि भर समुद्रांत जहाजावरील सर्वांचे प्राण त्याच्या स्वाधीन केले, म्हणजे आगबोटीच्या बॉयलरला पाणी पुरविण्याचा प्रश्न किती नाजूक आहे याची कल्पना येऊं लागते.

आगबोटीच्या चोहों बाजूंना पाणीच पाणी असतें. तथापि त्यांतील तांब्याभरहि पाणी जसेंच्या तसें बॉयलरमध्यें घालण्याची सोय नाहीं. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. याचा हिशेब एका प्रसिद्ध उदाहरणानें करतां येईल. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ ते १९४५ या वर्षांत, अमेरिकेनें 'लिबर्टी' जातीचीं २,७१० मालवाहू जहाजें बांधलीं. त्यांचें एंजिन २,५०० अश्वशक्तीचें होतें. अशा एंजिनाला प्रत्येक अश्वशक्तीमागें ताशीं सहासात किलो वाफ लागते. म्हणजे ताशीं सुमारें १६ टन पाणी आटवावें लागे. तें पाणी समुद्राचें असतें, तर दर तासाला साडेपांच क्विंटलांहून अधिक क्षार मागें राहिले असते, आणि दिवसाला तेरा टन! बरें, गोडें पाणीच बंदरांतून भरून न्यावें, तर दिवसाला सुमारें ३९० टन, म्हणजे वीस दिवसांच्या सफरीला जवळजवळ ७,८०० टन पाणी हवें. त्या जहाजाची एकंदर भार वाहण्याची शक्ति सुमारें १०,००० टनांची होती. मग मालाला जागा कोठें उरणार?

यावर उपाय एकच. थोडेंसें शुद्ध पाणी घ्यावयाचें, त्याची वाफ करावयाची, वाफेकडून काम करून घेतल्यावर तिला निववून पुन्हां पाणी करावयाचें, आणि तेंच पाणी बॉयलरमध्यें परत घालावयाचें. सांगण्यास सोपा असा हा उपाय अंगवळणीं पडण्यास मात्र पुष्कळ वर्षें लागलीं.

आरंभींच्या समुद्रगामी आगबोटींत बॉयलरला समुद्राचेंच पाणी पाजीत. काम करून आलेल्या वाफेवर समुद्राच्या थंड पाण्याचा फवारा सोडून तिला निववीत. त्यामुळें गोडें पाणी खाऱ्यांत मिसळून जाई, आणि त्या मिश्रणांतलेंच कांहीं बॉयलरमध्यें परत जाई. क्षार फार सांचूं नयेत म्हणून आंतील कढत, दाट खारें पाणी मधून मधून समुद्रांत सोडून द्यावें लागे. त्याबरोबर कोळशाची उष्णताहि समुद्रांत जाई. शिवाय चुन्याचा एक क्षार, ज्याला रसायनशास्त्रांत कॅल्शियम सल्फेट म्हणतात, तो मोठा विक्षिप्त आहे. साखर वा मीठ गरम पाण्यांत अधिक विरघळतें. हा क्षार पाणी जों जों तापावें तों तों कमी विरघळतो आणि नेमका तापलेल्या पत्र्यावरच कठीण कवचासारखा बसतो. म्हणून खाऱ्या पाण्यावर चालणाऱ्या बॉयलरचा दाब फारसा वाढवितां येत नसे. १८३८ सालीं अटलांटिक महासागर ओलांडून गेलेल्या 'ग्रेट वेस्टर्न' या आगबोटीच्या बॉयलरचा दाब दर चौरस इंचास अवघा पांच पौंड होता.

सॅम्युअल हॉल या इंग्रज संशोधकानें १८३४ च्या सुमारास वाफ आणि समुद्राचें पाणी यांची गांठच पडूं न देणारी रचना पुढें आणली. असंख्य बारीक नळ्यांच्या एका बाजूनें वाफ व दुसऱ्या बाजूनें थंड खारें पाणी. मध्यें धातूचा पातळ पडदा. हाच पृष्ठ-कंडेन्सर होय. 'ग्रेट वेस्टर्न'च्या एक दिवस अगोदर न्यू यॉर्कला पोंचलेल्या 'सिरिअस' या लहानशा आगबोटीवर हॉलचेच कंडेन्सर बसविलेले होते. परंतु त्या काळीं एंजिनाला वंगण म्हणून चरबी वापरीत. ती वाफेबरोबर येऊन नळ्या बुजवी आणि तिच्यांतील अम्लें बॉयलरचें लोखंड खात. म्हणून ही युक्ति काहीं काळ मागें पडली. खनिज तेलाचें वंगण आणि सुधारलेल्या नळ्या आल्यावर ती रूढ झाली आणि मग दाबाचा आंकडा भराभर चढला: 'अगामेम्नॉन' जहाजावर १८६६ सालीं ६० पौंड, 'अबर्डीन'वर १८८१ सालीं १२५, 'लिबर्टी'वर २२०, आणि दुसऱ्या महायुद्धांतील अमेरिकन विनाशिकांवर ६०० पौंडांच्या घरांत. एंजिनांच्या या प्रगतीचें श्रेय कारागिरांना आहेच. पण स्वच्छ पाण्यावांचून तींतील एकहि पायरी चढतां आली नसती.

आतां टर्बाइनच्या जहाजांत हें पाणी कसकशी फेरी घालतें तें पाहूं जातां, आरंभ कंडेन्सरपासून करणें सोयीचें. एक लिटर पाण्याची वातावरणाच्या दाबाखालीं सुमारें १,६०० लिटर वाफ होते. उलट, तेवढी वाफ निवाली कीं तिचें पुन्हां एक लिटर पाणी होतें व बाकीची जागा रिकामी पडते. त्यामुळें कंडेन्सरमध्यें जवळजवळ निर्वात स्थिति उत्पन्न होते आणि ती टर्बाइनमधील वाफेला जणूं पुढून ओढून घेते. ही निर्वातता टिकविण्यासाठीं आंत शिरलेली हवा वाफेच्या झोतांनीं सतत बाहेर काढावी लागते.

निवालेलें पाणी कंडेन्सरच्या तळच्या कुंडांत जमतें. तें अवघें ३५ ते ४० अंश सेल्सिअस असतें, तरी तेथल्या अल्प दाबाखालीं उकळण्याच्या बेतांतच असतें. पंपानें जोरानें ओढूं गेल्यास त्याची पंपांतच वाफ होईल व पंप फुकट फिरूं लागेल. म्हणून हा पंप कुंडाच्याहि खालीं, जहाजाच्या अगदीं तळाशीं बसवितात, म्हणजे पाणी आपल्या वजनानेंच त्यांत उतरतें. तेथून तें हवा काढणाऱ्या झोतयंत्राला निववीत, व स्वतः थोडें तापत, वर एका टाकींत जातें. या टाकींत त्याचे तुषार करून त्यांत वाफ मिसळतात. तें सुमारें १२० अंशांपर्यंत तापतें आणि त्यांत विरघळलेली हवा निघून जाते. चहाचें आधण उकळण्यापूर्वीं भांड्याच्या कडेला बारीक बुडबुडे धरतात, ते याच हवेचे. ही टाकी मुद्दाम उंचावर असते, कारण खालच्या मुख्य पंपाला हें कढत पाणीहि दाबानेंच मिळालें पाहिजे. मुख्य पंप त्याला बॉयलरच्या दाबाहूनहि अधिक जोर देतो, आणि पाणी पुन्हां आपल्या मूळ ठिकाणीं येतें.

या फेरींत पाण्याला तीन शत्रु भेटतात: तेल, हवा आणि मीठ. तेलाचा तवंग बॉयलरच्या नळीवर बसला, कीं उष्णता पाण्यांत जाईनाशी होते व नळी जळते. दट्ट्याच्या एंजिनांतून येणाऱ्या पाण्यांत हें तेल हटकून असे. तें गाळण्यासाठीं पूर्वींच्या जहाजांवर जी वस्तु वापरीत, ती ऐकून गृहिणींना कौतुक वाटेल. परसांतल्या वेलावर वाळलेल्या घोसाळ्याचा जो जाळीदार चोथा अंग घासण्यास घेतात, तोच गाळण टाक्यांत भरीत! एवढ्या अवाढव्य यंत्राची प्रकृति एका वेलाच्या फळावर राखली जाई.

हवेंतील प्राणवायु कढत पोलादाला टोंचून टोंचून खड्डे पाडतो. वरून सुरेख दिसणारी नळी एखाद्या ठिकाणीं टांचणीच्या टोंकाएवढें भोक पडून फुटते. परंतु सर्वांत मोठें भय मिठाचें. कंडेन्सरमधील नळीची जाडी सव्वा मिलिमीटरच्या आसपास असते. तिच्या एका अंगाला निर्वात, दुसऱ्या अंगाला सगळा समुद्र. सुईएवढें छिद्र पडलें तरी खारें पाणी आंत ओढलें जातें. पहिल्या महायुद्धांत ब्रिटिश आरमाराला या नळ्या कुजण्याचा इतका उपद्रव झाला, कीं खलाशांनीं त्याला एखाद्या रोगाचें नांव असावें तसें 'कंडेन्सरायटिस' हें नांव दिलें. पुढें तांबें व जस्त यांत किंचित् अल्युमिनियम घालून केलेल्या, तसेंच तांबें व निकल यांच्या मिश्रधातूच्या नळ्या आल्या, तेव्हां हा रोग बराच आटोक्यांत आला.

तरीहि पहारा चालूच ठेवावा लागतो. पाण्याचा नमुना घेऊन त्यांत चांदीच्या क्षाराचे, म्हणजे सिल्व्हर नायट्रेटचे, थेंब टाकतात. मीठ असेल तर पाणी दुधाळ होतें. पाण्यांतून विजेचा प्रवाह किती सहज जातो यावरून मिठाची सूचना देणारीं यंत्रेंहि बसविलेलीं असतात. गळती भर समुद्रांत सांपडली, तर एक जुनी युक्ति आहे: समुद्राच्या पाण्याच्या बाजूला लांकडाचा भुसा सोडतात. तो छिद्राकडे ओढला जाऊन तेथें अडकतो आणि बंदर गांठेपर्यंत वेळ निभते. नंतर नळ्यांच्या तोंडांपुढून जळती मेणबत्ती फिरवितात. ज्या तोंडाशीं ज्योत आंत ओढली जाते, ती नळी फुटकी. तिला दोन्ही टोंकांस गुडदी ठोकून ती कायमची बंद करतात.

पाणी शुद्ध असलें म्हणजे काम संपलें असें मात्र नाहीं. तें बॉयलरमध्यें योग्य उंचीवरच राहिलें पाहिजे. त्यासाठीं बॉयलरला कांचेच्या नळ्या लावलेल्या असतात. पाणी कांचेच्या खालीं गेलें, तर उघड्या पडलेल्या नळ्या लाल होऊन फुटतात व उसळणारी वाफ समोरच्या माणसांना भाजून काढते. तें फार वर चढलें, तर वाफेबरोबर पाण्याचे लोट टर्बाइनमध्यें जाऊन वेगानें फिरणारीं पातीं मोडतात. आधुनिक बॉयलरमध्यें पाण्याचा साठा इतका थोडा असतो, कीं पूर्ण वेगांत असतां पुरवठा थांबला, तर थोडक्याच मिनिटांत, कधीं त्याहूनहि आधीं, कांच रिकामी होते.

येथें नवशिक्याला फसविणारी एक गोष्ट आहे. जहाजाचा वेग एकाएकीं वाढविला, म्हणजे वाफ भराभर खेंचली जाते, आंतील दाब उतरतो, आणि पाण्यांत बुडबुडे माजून तें कांचेंत वर चढतें. वस्तुतः आंतील पाणी कमी होत असतें. परंतु डोळ्यांना तें वाढलेलें दिसतें. नवशिका घाबरून पुरवठा बंद करतो. थोड्या वेळानें बुडबुडे बसतात आणि पाणी धोक्याच्या खालीं गेलेलें आढळतें. वेग एकदम कमी केला, तर याच्या नेमकें उलट घडतें. अनुभवी माणूस कांचेबरोबर दाबाचा कांटा व पंपाचा आवाज यांच्याकडेहि लक्ष ठेवतो, आणि कांच सांगते तेवढ्यावर विसंबत नाहीं.

दुसरा फसवा प्रकार असा, कीं पूर्ण भरलेली कांच आणि पूर्ण रिकामी कांच या दोन्ही दिसावयास सारख्याच. शिवाय कांचेकडे जाणारी वाट गाळानें बुजली, तर ती खोटीच पातळी दाखवीत राहते. म्हणून पाळीवर येणारा माणूस प्रथम कांचेंतून वाफ सोडून ती मोकळी करतो व पाणी पुन्हां आपल्या जागीं येतें कीं नाहीं तें पाहतो. आणि पाणी कांचेखालीं दिसेनासें झालें, तर नियम कडक आहे: आधीं आग बंद. तापलेल्या धातूवर घाईनें पाणी सोडण्याचा मोह आवरावयाचा. जहाज थांबेल, वरून रागाचे निरोप येतील. पण माणसें वांचतील.

ही सर्व सावधगिरी राखूनहि पाण्याची फेरी पूर्ण बंद राहत नाहीं. सांध्यांतून वाफ सुटते, धुक्यांत भोंगा वाजवावा लागतो, आणि भोंग्याच्या प्रत्येक हांकेबरोबर थोडें शुद्ध पाणी आकाशांत उडून जातें. ही तूट समुद्राचें पाणी आटवून, त्याची वाफ निववून भरून काढतात. म्हणून चांगला एंजिनिअर दिवसाकाठीं किती पाणी नवें घ्यावें लागलें याचा जमाखर्च काटेकोर ठेवतो. तो आंकडा वाढला, कीं कोठेंतरी काहीं बिघडलें आहे हें त्यास कळतें.

ब्रिटिश कंपन्यांच्या आगबोटींवर हिंदी खलाशांचे 'आगवाले' आणि 'तेलवाले' अशा नांवांचे ताफे असत. भट्टीच्या झळांत उभे राहून त्यांनीं हीं बॉयलरें पिढ्यान्पिढ्या चालविलीं. डेकवरच्या उतारूंना त्यांचीं तोंडें क्वचितच दिसत. लोणावळ्यास १९४५ सालीं स्थापन झालेल्या 'शिवाजी' या नौदलाच्या शाळेंत जहाजांवरील यंत्रविद्येचें शिक्षण पिढ्यान्पिढ्या दिलें जात आलें आहे. आज बहुतेक व्यापारी जहाजें डिझेलवर चालतात. तथापि भारतीय नौदलांत २०१३ सालीं दाखल झालेली 'विक्रमादित्य' ही विमानवाहू नौका वाफेच्या टर्बाइनांवरच चालणारी आहे. पालघर जिल्ह्यांतील तारापूरच्या अणुवीजकेंद्रांतहि टर्बाइनमधून आलेली वाफ अरबी समुद्राच्या पाण्यानें निववितात. तेथेंहि नळीच्या एका अंगाला समुद्र आहे, दुसऱ्या अंगाला जपलेलें शुद्ध पाणी आहे, आणि दोहोंची भेट होऊं नये म्हणून कोणीतरी रात्रंदिवस जागत आहे.