फोटोत न सापडणारी कळ

मिरजेला दुखणं दाखवायला येण्याची रीत जुनी आहे. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये इथं मिशन हॉस्पिटल उभं केलं. तेव्हापासून सांगली-साताऱ्याचेच नव्हे, अथणी-विजापूरकडचे लोकही 'एकदा मिरजेला दाखवून येऊ' म्हणत आले आहेत. मी इथं फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणारा पेशंट खुर्चीत टेकायच्या आधीच कापडी पिशवीतून भला मोठा लखोटा काढतो. आत एक्स-रे, एमआरआय, जुन्या चिठ्ठ्या. "फोटो बघा मॅडम, मणक्यात गॅप आलाय." फोटो मी बघतेच. पण आधी विचारते, सकाळी उठल्यावर पहिलं काम काय करता? बरेच जण गोंधळतात. लखोट्यात एवढं सगळं असताना हे काय विचारतात बाई!

मी असं विचारते त्याला कारण आहे. पाठ अजिबात दुखत नसलेल्या तीन हजारांवर लोकांच्या तपासण्या एकत्र करून अभ्यासकांनी २०१५ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मणक्यांमधल्या गाद्यांची झीज विशीतल्या ३७ टक्के लोकांत होती, पन्नाशीतल्या ८० टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत. ही सगळी धडधाकट माणसं. म्हणजे वयानुसार केस पिकतात तशा गाद्याही झिजतात, आणि झीज दिसली म्हणजे दुखण्याचं मूळ हाती लागलं असं नसतं. पण 'गॅप' एकदा कानावर पडला की माणूस वाकायचं सोडतो. घागर उचलत नाही, मांडी घालत नाही, नातवाला कडेवर घेत नाही. हळूहळू पाठीचे स्नायू सुटतात, आणि मग खरंच थोडं वाकलं तरी चमक भरते.

तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या किंवा पुन्हापुन्हा येणाऱ्या दुखण्याला वैद्यकशास्त्र आता जुनाट वेदना म्हणून वेगळं धरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात, जे जानेवारी २०२२ पासून लागू झालं, तिला स्वतःचा क्रमांक मिळाला आहे. साधी मुरगळ, लचक या काळात बहुतेक वेळा भरून आलेली असते. तरी दुखतं, कारण दरम्यान मज्जातंतू, मज्जारज्जू आणि मेंदू तिखट झालेले असतात. मळ्यातल्या वस्तीवर एकदा चोरी झाली की राखणीचं कुत्रं नंतर पाचोळा हलला तरी भुंकत सुटतं, तसंच हे. भुंकणं खोटं नसतं. फक्त चोर आलेला नसतो.

याची उलटी बाजू आमच्या सांगलीकडच्या तालमींत बघायला मिळते. बोट निखळलेला पैलवान कुस्ती निकाली करून मैदानाबाहेर येतो आणि मग हात बघतो. इजा आहे, कळ नाही. माझ्यासमोर बसलेल्या बाईंना कळ आहे, इजा सापडत नाही. दोन्हीकडे निवाडा मेंदूच करतो. किती धोका आहे, कुठल्या प्रसंगात आहे, झोप झाली आहे का, घरात ताण किती, हे सगळं त्यात धरलं जातं. इथं पेशंट दुखावतो. "म्हणजे मनाचं आहे म्हणता?" नाही. कळ खरीच आहे, अंगातच आहे. आणि ज्यांना 'काही नाही, मनाचं आहे' असं सांगून परत पाठवलेलं असतं, त्यांना पुन्हा हालचालीकडे वळवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

माझ्याकडे हिवाळ्यात सर्वाधिक येतात त्या द्राक्षबागेतल्या बायका. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज पूर्व भाग. ऑक्टोबर छाटणी झाली की पुढं विरळणी आणि डिपिंग येतं. मांडवाखाली उभं राहायचं, मान मागं टाकायची, हात डोक्याच्या वर धरून कात्रीनं घडातले जादाचे मणी काढायचे. डिपिंगला तर जीएचं (जिबरेलिक ॲसिडचं) पाणी भरलेला मग वर धरून एकेक घड बुडवायचा. दुपारपर्यंत खांद्याला रग लागते, रात्री हाताला मुंग्या येतात. काम टोळीचं, उक्त्यावर घेतलेलं. एक बाई थांबली की सगळी ओळ मागे राहते. अशा बाईला 'पंधरा दिवस विश्रांती घ्या' असं लिहून द्यायला माझं काय जातं? तिची हजेरी जाते, आणि विश्रांतीनं खांदा सुधारतोच असंही नाही, आखडतो मात्र.

अशाच एका मावशींबरोबर आम्ही वेगळं करून बघितलं. त्या उंचीनं कमी. हात सगळ्यात जास्त ताणायचा तो त्यांनाच. पायाखाली द्राक्षाचा पालथा क्रेट घेतला की कोपर खांद्याच्या खाली येतो. क्रेट सरकवत न्यायला वेळ जातो म्हणून मुकादम कुरकुरला, मग चालवून घेतलं. दुसरं असं की, ओळ संपेपर्यंत नेट लावायचा नाही. घड्याळ बघायचं. कळ चढायच्या आतच हात खाली घ्यायचे, खांदे फिरवायचे, थोडा वेळ खालचे मणी वेचायचे, पुन्हा वर. हे पटायला सगळ्यात जड जातं. आपल्याकडची पद्धत अशी, की बरं वाटतंय त्या दिवशी गोधड्या धुवायच्या, दळण आणायचं, रानातलंही उरकायचं, आणि पुढचे चार दिवस आडवं पडायचं. या चढउतारानं मज्जातंतू आणखी तिखट होतात. बऱ्या दिवशी थोडं कमी आणि वाईट दिवशी थोडं तरी, असं ठरवून केलेलं काम दर आठवड्याला जरा जरा वाढवत न्यायचं. खांद्याचे व्यायाम मी भिंतीला टेकून आणि पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीनं शिकवते, कारण मळ्यात जिम नसते.

माझे वडील पाटण तालुक्यातले. मुंबईत आणि नंतर वाशीच्या बाजारात माथाडी म्हणून आयुष्य गेलं. त्याच तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांनी या कामगारांची संघटना बांधली आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला, म्हणून म्हातारपणी हातात चार पैसे तरी आले. मान मात्र धरलेलीच. वडील गावी परतले आणि ओझं थांबलं, तरी मान थांबेना. त्यांना वाटायचं, आता आराम आहे, मग दुखायला काय झालं? उलट दिवसभर ओटीवर बसून ती जास्त ठणकू लागली. सकाळी मंदिरापर्यंत चढ चढून जाणं आणि संध्याकाळी पारावर गप्पा, एवढ्यानं त्यांना जो फरक पडला तो माझ्या मशीननं पडला नव्हता. मुलगी फिजिओथेरपिस्ट असून! हल्ली विचारलं तर म्हणतात, "हाय की मान. आसंना."

चढाचं म्हणाल तर दरवर्षी यवतेश्वरच्या घाटात हिल हाफ मॅरेथॉन धावायला देशभरातून लोक साताऱ्याला येतात. त्याच शहरात गुडघेदुखीवाल्यांना जिना चढायलाही मनाई केली जाते. गुडघ्याच्या झिजेवर चालणं आणि मांडीचे स्नायू बळकट करणं हाच पहिला उपचार आहे, हे आता जगभर मान्य आहे.

औषधांबद्दल थोडं. डायक्लोफेनॅकसारखी गोळी चार दिवस ठीक. महिनोन्महिने, दुकानातून आपल्या मनानं घेतली तर पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं खराब होतात. याच औषधाचे अंश असलेली मेलेली जनावरं खाऊन मूत्रपिंडं निकामी झाल्यानं देशातली गिधाडं संपत आली, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. नाव नसलेल्या पुड्या तर नकोच. तिसऱ्या दिवशी नाचायला लावणाऱ्या पुडीत कधी कधी स्टेरॉइड निघतं. मग चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. उलट डॉक्टर नस तिखट झालेल्या दुखण्याला रात्री अमिट्रिप्टिलिनची अगदी छोटी मात्रा देतात, तेव्हा दुकानदार सांगतो 'ही डिप्रेशनची गोळी', आणि पेशंट ती बंद करतो. ती नसांवरही काम करते आणि झोपही लावते. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी कळ वाढते, हे तर कुणालाही विचारा.

काही खुणा दिसल्या तर माझ्याकडे नव्हे, थेट डॉक्टरांकडे जायचं. लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, बसायच्या जागी बधिरपणा, पायातली ताकद जाणं, पाठदुखीबरोबर ताप किंवा वजन घटणं, पूर्वी कॅन्सर झालेला असणं. मणक्याचा टीबी आपल्याकडे आजही होतो. तिथं फोटो लागतो, आणि लगेच लागतो.

राहिला पट्टा. कंबरदुखीची निम्मी माणसं तो बांधूनच येतात. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर पहिल्यांदा मार्गदर्शिका काढली. व्यायाम आणि दुखणं समजावून सांगणं यांना तिनं जागा दिली; पट्टे आणि वजनं लावून ओढणं हे नेहमीचे उपचार म्हणून नकोत असं सांगितलं. हे मी त्या मावशींना सविस्तर सांगितलं. त्यांची कंबरही जुनीच. त्यांनी ऐकून घेतलं, व्यायाम सुरू केले, गोळ्या जवळजवळ सुटल्या, यंदा विरळणीचा हंगाम पुरा केला. पट्टा? तो अजून आहे. लग्नाकार्याला बांधत नाहीत, साडी नीट बसत नाही म्हणून. रानात जाताना बांधतात, "आसू दे, टोळीला दिसतं तरी."